आधी घर, मग साप: कॉर्न स्नेकची पेटी निवडण्यापासून लावण्यापर्यंत

केशर, आमची कॉर्न स्नेक, हरवली तेव्हा ती जेमतेम एक फुटाची होती, पेन्सिलीएवढी जाड. पेटीचं झाकण जागच्या जागी होतं. फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथून दिव्याची वायर आत जाते तिथे, जाळी बोटाच्या पेराएवढीही नाही इतकीच उचललेली होती. नऊ दिवस आम्ही घर पालथं घातलं. शेवटी ती सापडली कपडे वाळवायच्या मशीनमागे, भिंत कोमट असते तिथे. धुळीने माखलेली, पण जिवंत.

लेकीने तिला ओंजळीत घेतलं आणि विचारलं, "आई, ती का गेली?"

कॉर्न स्नेक मुळातच फटी शोधत फिरणारा प्राणी, हे एक उत्तर झालं. पण दुसरं उत्तर मला जास्त टोचलं. आम्ही दुकानातून एका खोक्यात मिळणारा तयार संच आणला होता: काचेचा टँक, लाल दिवा, चिकटवायचा गोल तापमापक आणि शोभेची प्लास्टिकची कवटी. त्या टँकमध्ये सगळीकडे सारखंच गरम होतं आणि अंग चोरून बसायला एकही नीट जागा नव्हती. तिला जे हवं होतं ते तिने घराबाहेर जाऊन शोधलं. त्यानंतर मी सगळं नव्याने शिकले आणि पेटी पहिल्यापासून लावली. ते काम कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

सगळ्यात आधी कायदा

आम्ही राहतो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनामधल्या केरी गावी. कॉर्न स्नेक हा इथलाच, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. न्यू जर्सीच्या दक्षिणेपासून फ्लोरिडापर्यंत पाइनची जंगलं, जुनी कोठारं, शेतांचे बांध यांत तो राहतो. तरी 'इथलाच आहे, मग चालतंय' असं धरून चालू नका. शेजारच्या जॉर्जिया राज्यात स्थानिक बिनविषारी साप पाळायला बंदी आहे आणि कॉर्न स्नेक त्यात येतो. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, हा साप धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे, त्यामुळे पाळण्यासाठी परवाना लागतो. हवाईत तर साप पाळताच येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या वाचकांसाठीही उत्तर 'नाही' असंच आहे.

भारतातल्या वाचकांना कळकळीने सांगते. नाग, धामण, अजगर हे आपले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी सापांच्या नावाने जो चोरटा धंदा चालतो त्याकडेही वळू नका. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, खाऊच्या पुड्यांत कोंबलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. असा प्रवास करून आलेला जीव कुठल्याही पेटीत सुखी होत नाही.

जिथे कायद्याने चालतं तिथेही रानातला साप उचलून आणू नका. घरी पैदास करणाऱ्या माणसाकडून, नीट खाणारं पिल्लू घ्या.

पेटी किती मोठी?

कॉर्न स्नेक अंड्यातून निघतो तेव्हा २० ते ३५ सेंटिमीटरचा असतो. पूर्ण वाढला की साधारण ३ ते ५ फूट, क्वचित त्याहून थोडा जास्त. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे चौथीतली मुलगी आज साप मागत असेल तर ती कॉलेजला गेल्यावर त्याला सांभाळणार कोण, हे आजच ठरवायला हवं.

मोठ्या सापासाठी माझं माप एकच: ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. बाजारात ४० गॅलनचा, म्हणजे साधारण ३ फुटी टँक 'प्रौढ सापाला पुरेसा' म्हणून मिळतो. चार फुटांचा साप त्यात कधीच सरळ होऊ शकत नाही. गुंडाळी करून बसलेला साप बघून त्याला एवढीच जागा लागते असं वाटतं, पण रात्री दिवे मालवल्यावर तोच साप पेटीची लांबी पुन्हा पुन्हा मोजत असतो. उंचीही वाया जात नाही. हा साप झाडावर छान चढतो.

पिल्लू मोठ्या पेटीत घाबरतं, असं सगळीकडे सांगतात. माझा अनुभव असा की ते मोकळ्या पेटीत घाबरतं. चार फुटी पेटी फांद्या, पानं, सालींनी गच्च भरली तर पिल्लू त्यात मजेत राहतं. मात्र फटी अगदी पेन्सिलीच्या मापाने तपासाव्या लागतात आणि रोज पिल्लू दिसेलच असं नाही. ते जमणार नसेल तर पहिलं वर्ष १० ते २० गॅलनच्या छोट्या टँकमध्ये काढा आणि मोठ्या पेटीचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

काच, पीव्हीसी की लाकूड

काचेचा, वरून उघडणारा टँक सहज मिळतो. त्याचे दोन दोष आहेत. वरच्या जाळीतून ऊब आणि ओलावा दोन्ही निघून जातात. आणि तुमचा हात प्रत्येक वेळी वरून येतो. रानात या सापावर वरून झडप घालतो तो ससाणा, त्यामुळे साप दचकतो, शेपूट थरथरवतो, कधी तोंडही मारतो. समोरून उघडणाऱ्या पेटीत हात त्याच्या पातळीवरून जातो. केशर पूर्वी हात दिसला की आक्रसायची. पेटी बदलल्यावर महिन्याभरात ती आपणहून मनगटावर यायला लागली.

पीव्हीसीची, समोर काचेची दारं असलेली पेटी मी पहिली निवड म्हणेन. ऊब टिकते, ओलाव्याने खराब होत नाही, पुसायला सोपी. लाकडी पेटीही चांगली, घरी बनवताही येते. फक्त आतले सगळे सांधे मत्स्यालयासाठी असतं त्या सिलिकोनने बंद करायचे आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस उघडी ठेवायची. वास येत असताना साप आत सोडू नये. काचेचा टँक आधीच घरात असेल तर फेकू नका. जाळीचा दोन तृतीयांश भाग वरून अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने झाका (दिव्याखालचा सोडून) आणि तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावा.

पेटी ठेवायची ती भक्कम, सपाट टेबलावर. खिडकीच्या उन्हात नको, काचेत ऊन कोंडलं की तासाभरात आतला जीव जाऊ शकतो. टीव्हीच्या स्पीकरजवळ नको, कारण सापाला जमिनीतून येणारी थरथर आपल्यापेक्षा फार जास्त जाणवते. स्वयंपाकघरात तर नकोच.

ऊब: इथे घाई करू नका

सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला, आजाराशी लढायला त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते आणि पुरेशी झाली की तिथून उठून जावं लागतं. म्हणून पेटीत 'एक' तापमान ठेवायचं नसतं. एक टोक गरम, दुसरं थंड आणि मध्ये उतार. कुठे बसायचं ते साप ठरवेल.

आकडे असे. दिव्याखालच्या सपाट दगडाचा पृष्ठभाग २९ ते ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे अमेरिकेतल्या मापाने ८५ ते ९० फॅरनहाइट. गरम बाजूची हवा २७ ते २९. थंड बाजू २१ ते २४. रात्री सगळं २० पर्यंत उतरलं तरी चालतं, उलट रानात तसंच होतं.

यासाठी मी साधा पांढऱ्या उजेडाचा हॅलोजन फ्लड दिवा वापरते. तो वरून सूर्यासारखी ऊब देतो, दगड तापतो आणि साप त्यावर पसरतो. दगड म्हणजे आपल्याकडच्या शहाबादी फरशीच्या तुकड्यासारखा, चपटा. दिवा पेटीच्या आत बसवणार असाल तर त्याला तारेची जाळी हवीच, नाहीतर साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजतो. लाल किंवा निळे 'रात्रीचे' दिवे घेऊ नका. सापाला रात्री काळोख लागतो. घर रात्री फारच गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. पेटीखाली चिकटवायची हीटिंग मॅट चालते, पण ती तळाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी नको. 'हॉट रॉक' नावाचे विजेवर तापणारे दगड मिळतात, ते कुणी फुकट दिले तरी नको म्हणा. त्यांनी पोट भाजलेले साप डॉक्टरांकडे येतात.

ऊब देणारी एकही वस्तू थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही. माझ्या पहिल्या संचात थर्मोस्टॅट नव्हताच. नंतर उसना आणलेला तापमापक ठेवून बघितलं तेव्हा दिव्याखाली ४३ अंश निघाले, आणि भिंतीवरचा गोल काटा २८ दाखवत होता. तो हवेचं तापमान सांगत होता, तेही चुकीचं. ज्या दगडावर साप पोट टेकतो तिथलं तापमान मोजायला हातात धरायची इन्फ्रारेड बंदूक घ्या आणि दोन्ही टोकांना वायरवाले डिजिटल तापमापक लावा. हॅलोजनसाठी उजेड हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. नुसता चालू-बंद करणारा घेतला तर दिवा दिवसभर लुकलुकतो.

थर्मोस्टॅटची तार जिथे संपते तो टोकाचा भाग गरम जागेच्या पातळीला पक्का बांधा. सापाने तो ढकलून पाण्याच्या भांड्यात पाडला, तर यंत्राला वाटतं पेटी गार आहे आणि ते दिवा पेटवतच राहतं. मी केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने तो फांदीला बांधला आहे. चिकटपट्टी पेटीच्या आत कधीही, कुठल्याही कामासाठी वापरू नका. ती सुटते, सापाला चिकटते आणि काढताना खवले निघतात.

उजेडासाठी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, नळी लावावी का? त्याशिवायही कॉर्न स्नेक वर्षानुवर्षं जगतात, पण मिळाली तर त्यांचा फायदा होतो असं माझं मत आहे. ५ ते ७ टक्क्यांची, पेटीच्या निम्म्या लांबीची, गरम बाजूला, दिवसातले १२ तास, आणि नळी साधारण वर्षाने बदलायची. पांढरट-केशरी, लाल डोळ्यांच्या जातीला सावली जास्त द्या.

खालचा थर आणि ओलावा

या सापाला भुयारं करायला आवडतात, म्हणून थर किमान ३-४ इंच जाड हवा. अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा स्वस्त असतो आणि त्यात भुयार टिकतं, पण ओला झाला की बुरशी येते. नारळाच्या काथ्याचे तुकडे किंवा सायप्रस झाडाचा भुगा ओलावा चांगला धरतो. मी आता काथ्या आणि खत न घातलेली माती मिसळून वापरते, वर ओकची वाळलेली पानं. सीडार लाकडाचा भुसा अजिबात नको, त्याचा सुगंध म्हणजेच सापाच्या फुप्फुसाला त्रास.

नवीन साप आला की पहिला महिना मात्र नुसते कागदी टॉवेल अंथरा. दिसायला रुक्ष वाटतं, पण विष्ठा, उलटी आणि गोचिडीसारखे बारीक काळे माइट्स त्यावर लगेच दिसतात.

ओलावा ४० ते ६० टक्के ठेवायचा. आमच्याकडे हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. पहिल्या हिवाळ्यात केशरची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि शेपटीच्या टोकाला बांगडीसारखं एक कडं राहून गेलं. ते तसंच ठेवलं तर रक्त अडतं आणि टोक झडतं. कोमट, ओल्या कापडातून तिला दोन-तीनदा सरकू दिलं तेव्हा ते सुटलं. तेव्हापासून मी सकाळी फवारा मारत बसत नाही. थंड बाजूच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी थेट मातीत ओतते. वरचा थर कोरडा राहतो, खालचा दमट.

कात येणार हे आधी कळतं. रंग फिकट होतो, डोळे दुधाळ निळसर होतात. चार-पाच दिवसांत ते पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते. या काळात साप हातात घेऊ नका, त्याला धड दिसत नसतं. कात चांगली निघाली तर पायमोजा उलटा काढावा तशी अखंड मिळते. ती खिडकीशी उजेडात धरून बघा: डोक्याच्या जागी घड्याळाच्या इवल्या काचांसारखी दोन गोल भिंगं दिसली पाहिजेत. ती दिसली नाहीत तर डोळ्यांवरची जुनी कात तशीच राहिली आहे. नखाने काढायला जाऊ नका, ओलावा वाढवा आणि पुढच्या कातेतही निघाली नाही तर सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

लपायच्या जागा

किमान तीन हव्यात. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि मध्ये एक दमट. दमट जागेसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा पुरतो: बाजूला सापाच्या दुप्पट जाडीचं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलं स्फॅग्नम शेवाळ भरा.

जागा दोनच पण एकाच बाजूला ठेवली, तर सापापुढे पेच उभा राहतो: ऊब घ्यायची की लपायचं? भित्रा साप लपणं निवडतो आणि अन्न पचत नाही. दोन्ही टोकांना सारख्याच लपायच्या जागा असल्या की हा पेच सुटतो. जागा घट्ट हवी. आत गुंडाळी केल्यावर साप छताला आणि भिंतींना टेकला पाहिजे, त्याला तेच सुरक्षित वाटतं. मोठी शोभेची गुहा आपल्याला आवडते, त्याला नाही.

बाकी पेटीत बुचाच्या झाडाची साल, फांद्या, प्लास्टिकची पानं भरा. अंगणातली ओकची फांदी चालते. उकळतं पाणी ओतून, घासून, उन्हात कडकडीत वाळवा. चिकट राळेची पाइनची फांदी नको. फांदी भिंतीला स्क्रूने पक्की करा आणि जड दगड मातीवर नाही, थेट तळावर ठेवा. खाली भुयार झालं आणि दगड बसला तर साप चिरडतो.

पाण्याचं भांडं जड, न उलटणारं, सापाला आत बसता येईल एवढं. पाणी रोज बदला. साप तासन्‌तास पाण्यातच बसत असेल तर पेटी गरम झाली आहे, कात अडकली आहे, किंवा माइट्स आहेत. पाण्यात काळे ठिपके दिसतात का बघा.

कडी-कुलूप

नियम सोपा: जिथून डोकं जातं तिथून पूर्ण साप जातो. पिल्लाच्या मापाची पेन्सिल घ्या आणि प्रत्येक फट, वायरचं भोक, दोन सरकत्या काचांमधली जागा तपासा. काचांना कुलूप लावा, जाळीच्या झाकणाला चारही कोपऱ्यांत चिमटे. वायरच्या भोकाभोवती सिलिकोन. आमच्याकडे कुलपाची किल्ली दाराशेजारी खिळ्याला असते आणि पेटी बंद केली की लेक मोठ्याने सांगते, "लावलं!"

एका पेटीत एकच साप. त्याला सोबत लागत नाही, आणि कॉर्न स्नेकने दुसऱ्या सापाला गिळल्याची उदाहरणं आहेत.

रिकामी पेटी आठवडाभर चालवा

सगळं लावून झालं की साप आणायला निघू नका. सात दिवस पेटी रिकामी चालू ठेवा. सकाळ, दुपार, रात्र अशा वेळी दगड, थंड बाजू आणि ओलावा यांचे आकडे वहीत लिहा. दिवा दोन इंच वर घ्यावा लागेल, जाळी आणखी झाकावी लागेल, कुठेतरी बुरशी दिसेल. हे सगळं साप नसताना झालेलं बरं.

मग साप आणा, आत सोडा आणि पाच ते सात दिवस हात लावू नका. त्यानंतर पहिलं खाणं: गोठवलेला, मग कोमट पाण्यात पिशवीतून वितळवलेला उंदीर, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा थोडा मोठा. पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी. खाल्ल्यावर ४८ तास त्याला उचलू नका.

उंदीर ठेवायचे कुठे, हा आपल्या घरांतला खरा प्रश्न. सासूबाई वाईहून सहा महिने राहायला येणार होत्या, त्या पूर्ण शाकाहारी. त्यांच्या भाजीच्या फ्रीजरमध्ये हे ठेवणं मला मनापासून चुकीचं वाटत होतं. आम्ही गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर घेतला आणि त्यांना येण्याआधीच फोनवर सगळं सांगितलं. त्या आल्या, दोन दिवस लांबून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या तस्कर सापासारखी दिसते. आणि उंदीरच खाते ना? मग धामणीची चुलत बहीणच की." फ्रीजर वेगळा ठेवाच, शाकाहारी असा-नसा. सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, हात साबणाने धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना सापापासून लांबच ठेवायचं.

रोज विष्ठा आणि ओला भाग उचला. पूर्ण थर काही महिन्यांनी बदला आणि पेटी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसा.

वीज गेली तर? आमच्याकडे कधी वादळाने, कधी बर्फाने जाते. निरोगी कॉर्न स्नेक काही तास, अगदी रात्रभर १८-२० अंशांत सहज काढतो. पेटीवर जाड रजई टाका, हवेसाठी एक बाजू थोडी उघडी ठेवा. वीज जास्त वेळ गेली तर साप सुती उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारा, तो अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा आणि शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. वीज येईपर्यंत खायला घालू नका, गार अंगात अन्न पचत नाही, सडतं. आमच्या घरी हा अभ्रा, डबा, बाटली आणि विजेरी पेटीखालच्या खणात कायम तयार असतात.